भर दुपारचा दिवा

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राचं मीठ बैलांच्या पाठीवरून डोंगर चढत असे, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. कारण तिचा उपयोग व्हायची वेळ थोरांवरच येते.

एका राज्यात, घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. खालून मीठ यायचं, वरून ज्वारी आणि गूळ उतरायचा, आणि दोघांची गाठ या पेठेत पडायची. तिथे भिवरा नावाची एक बाई राहत असे. तिचा चाळीस बैलांचा तांडा होता. बाई तांडा हाकते याचं लोकांना पहिल्या वर्षी नवल वाटलं, दुसऱ्या वर्षी ते ओसरलं, आणि तिसऱ्या वर्षी लोक म्हणायला लागले, "मीठ घ्यावं तर भिवराबाईचं. गोणीत वाळू निघायची नाही."

तांडा तिच्या वडिलांनी उभा केला होता. ते आता थकले होते. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जुन्या वाटांच्या गोष्टी सांगत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी म्हणत, "आपल्या घराण्यानं कुणाची कवडी ठेवली नाही."

एका वर्षी वरच्या मुलखात मिठाचा तुटवडा पडला. भाव तिप्पट झाला. भिवरानं विचार केला, अशी संधी पुन्हा यायची नाही. तिनं पेठेतल्या सावकाराकडून शंभर होन घेतले आणि वीस बैल वाढवले. मिठागराच्या मालकाकडून मीठ उधार उचललं. गोण्या विणणाऱ्या एका म्हातारीकडून दहा होनांच्या नव्या गोण्या घेतल्या; म्हणाली, "परत आले की पैसे देते, आजी." तिचा हिशेब चुकला नव्हता. कुणीही शहाण्या माणसानं तोच केला असता.

पण नदीच्या उतारावर तांडा मध्यावर आला, आणि वर डोंगरात कुठेतरी आभाळ फुटलं. गुडघाभर पाणी बघता बघता बैलांच्या पोटाला लागलं. मीठ भिजलं, गोण्या जड झाल्या, बैलांचे पाय वाळूत रुतायला लागले.

"बाई, काय करू?" पुढचे बैल हाकणारा हाक्या ओरडला.

भिवरानं एकदा बैलांच्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा आपल्या माणसांकडे.

"दोऱ्या कापा!"

साठ बैलांच्या पाठीवरून गोण्या सुटल्या. एक जनावर गेलं नाही, एक माणूस गेला नाही. मीठ तेवढं गेलं. पलीकडच्या काठावर बसून भिवरानं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. ते खारट होतं.

इथवर गोष्ट दैवाची आहे. दैवाला कुणी बोल लावू नये. खरी गोष्ट पुढेच आहे.

भिवरा परत आली आणि सगळ्यांना म्हणाली, "मी देणार. वेळ द्या." वीस बैल लगेच विकले. त्या पैशांत मिठागराच्या मालकाचं थोडं फिटलं, पण तो उरलेल्यासाठी दारात येऊन बसायला लागला. तेव्हा सावकारच पुढे आला. लाल पागोटं, मऊ आवाज, बोटांत अंगठ्या.

"त्याच्यासाठी कशाला जीव टांगणीला लावतेस?" तो म्हणाला. "माझ्याकडून अजून पन्नास होन घे, त्याच्या तोंडावर टाक. घरचंच समज."

तिनं घेतले. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला. आता मिठागरवाल्याचं देणं कमी झालं, आणि सावकाराचं दीडशे होन झालं.

त्यानंतर तीन वर्षं भिवरा राबली. बैल घाट चढत होते, उतरत होते, आणि मिळकत सगळी सावकाराच्या उंबऱ्याआड जात होती. अडलं की एखादा बैलही विकावा लागे. हाक्यांचे पगार थकले. कुणी काही म्हणत नव्हतं, पण त्यांच्या बायका पाणवठ्यावर भिवराला पाहून गप्प व्हायला लागल्या. गोण्या विणणारी म्हातारी समोरून दिसली की भिवरा गल्ली बदलायची. जी बाई नदीला घाबरली नाही ती एका म्हातारीला घाबरायला लागली. कर्ज माणसाचं असंही करतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती सावकाराकडे गेली.

"सावकार, आजवर एकशे नव्वद होन दिले. अजून किती?"

त्यानं वही उघडली, मिटली, हसला. "दोनशे वीस."

"घेतले दीडशे, दिले एकशे नव्वद, आणि राहिले दोनशे वीस?"

"व्याजाचं असंच असतं, भिवरा. चुकलेल्या व्याजावर व्याज. पण तुला घाई कसली? मुद्दल कुणी मागितलंय? तू आपली देत राहा. दुभती गाय कुणी विकतं का?"

हे तो प्रेमानं बोलला. भिवरा घरी आली ती वाट चुकल्यासारखी. या माणसाला आपलं कर्ज फिटायला नकोच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरातल्या विधवा भावजयीनं सल्ला दिला, "वन्सं, बैल घ्या आणि डोंगरापलीकडच्या राज्यात निघून जा. तिथे कोण ओळखतंय?"

"सावकाराची माणसं मला शोधतील," भिवरा म्हणाली. "पण ती गोण्यांची म्हातारी मला कुठे शोधणार? तिचं बुडवून मी कुठल्या तोंडानं जेवू?"

आणि मग ती पेठेच्या मापाऱ्याकडे गेली. मापारी म्हणजे पेठेत धान्य मोजणारा, वजनं तपासणारा, आणि देण्याघेण्याची भांडणं तोडणारा माणूस. तो फार म्हातारा होता. आजोबांच्या आजोबांपासून हे काम त्याच्या घरात होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, दिवाळं म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"बुडणं."

"लोकांनी तसा अर्थ केलाय. जुना अर्थ वेगळा आहे. ज्याचं देणं त्याच्या ताकदीबाहेर गेलं, त्यानं भर दुपारी पेठेच्या चौथऱ्यावर दिवा लावायचा. सूर्य माथ्यावर असताना लावलेला दिवा म्हणजे सांगणं, की माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही, या आणि पाहा. असेल नसेल ते सगळं मांडायचं. घामाचे पैसे, म्हणजे पगार, आधी द्यायचे. उरलेलं सगळ्या धनकोंनी देण्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचं, मोठा नाही, लहान नाही. राहतं छप्पर आणि पोट भरण्यापुरती हत्यारं कुणी उचलायची नाहीत. वाटप झालं की देणं संपलं. पुन्हा कुणी मागायचं नाही."

भिवराचा विश्वास बसेना. "असा नियम आहे? मग कुणी दिवा का लावत नाही?"

"फुकट नाही तो. सात वर्षं पेठेत कुणी एक दाणा उधार देणार नाही. सात वर्षं पेठेच्या बैठकीत बसता येणार नाही. आणि लपवलेली एक नथ जरी निघाली तरी सगळं रद्द." म्हातारा थांबला. "पण त्या भीतीनं लोक थांबत नाहीत. लाजेनं थांबतात. मी लहान असताना शेवटचा दिवा लागला. लोकांनी त्या माणसावर धूळ फेकली. तो माझा काका होता. त्यानंतर कुणी धजलं नाही, आणि नियम फक्त माझ्या डोक्यात राहिला."

"आणखी काही वाट नाही?"

"असते. कर्ज मिळकतीत बसण्यासारखं असेल तर धनकोशी बसून हप्ते ठरवावे, व्याज थांबवून घ्यावं. पण त्याला समोरच्याची तयारी लागते. तुझा सावकार तयार आहे?"

भिवराला दुभती गाय आठवली. तिनं मान हलवली.

घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. वडील ओसरीवर उभे राहिले. कित्येक महिन्यांत ते आधाराशिवाय उभे राहिले नव्हते.

"आपल्या घराण्यात दिवा लागला नाही. मी मेल्यावर लाव."

"आबा, तुम्ही मेल्यावर लावला तर माझ्या शेजारी उभं कोण राहील?"

"मी उभा राहणार नाही."

"मग मी एकटी उभी राहीन," ती म्हणाली. "तीन वर्षं मान खाली घालून चालले. त्यानं कुणाची एक कवडी फिटली? मान खाली घालून कर्ज फिटत असतं, तर मी कधीच मोकळी झाले असते."

वडील आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाजाराच्या दिवशी, सूर्य माथ्यावर आला तेव्हा भिवरा चौथऱ्यावर चढली. तिच्या हातात मातीची पणती होती. तिनं वात पेटवली. एवढ्या उन्हात ज्योत दिसतसुद्धा नव्हती, पण पेठेतल्या प्रत्येकाला दिसली. तागड्या थांबल्या. कुणीतरी शिटी मारली. कुणी म्हणालं, "बुडाली रे बुडाली!" मागून मूठभर धूळ आली आणि तिच्या लुगड्यावर पडली.

भिवरानं ती झटकली नाही.

"बुडाले ते तीन वर्षांपूर्वी," ती मोठ्यानं म्हणाली. "आज वर येतेय. ज्यांचं माझ्याकडे येणं आहे त्यांनी पुढे या. ज्यांचं नाही, त्यांनी धूळ जपून ठेवा. उद्या कुणावर काय वेळ येईल सांगता येत नाही."

मिठागरवाला आला. हाके आले, संकोचून, मुंडासी सावरत. गोण्यांची म्हातारी काठी टेकत आली. शेवटी सावकार आला.

भिवरानं सगळं मांडलं. राहिलेले सव्वीस बैल ओळीनं उभे केले. तांब्याचे हंडे, पितळी घंगाळ, कानातली फुलं, शिलकीची ज्वारी, घाटावरून आणलेल्या दोन घोंगड्या.

मापाऱ्यानं विचारलं, "आणखी काही?"

"नाही."

"आणखी काही?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

"नाही."

"आणखी काही?"

भिवराची नजर घराच्या दिशेनं गेली. तिच्या आईचं सोन्याचं कडं होतं. आईनं जाताना ते भिवराला दिलं होतं, पण वडिलांनी ते उशाशी ठेवलं होतं. ते मागायला ती धजली नव्हती. ते वडिलांचंच आहे अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत त्या उन्हात टिकेना.

"आहे," ती म्हणाली. "आईचं कडं. माझं आहे. घरी आहे."

"लपवलं!" सावकार ओरडला. "नियम मोडला! सगळं रद्द करा!"

"तिनं तिसऱ्या विचारण्याला सांगितलं," मापारी म्हणाला. "विचारणं तीनदा असतं ते याचसाठी. पहिल्या दोन वेळा माणूस लाजेनं बोलतो."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. भिवराचे वडील भिंतीला धरत धरत येत होते. किती वेळ ते मागे उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी चौथऱ्यावर कडं ठेवलं, आणि मग, खाली न उतरता, लेकीच्या शेजारी उभे राहिले.

सावकारानं आता आवाज मऊ केला. "ठीक आहे. माझं येणं सगळ्यांत मोठं. दोनशे वीस होन. बैल मी घेतो, बाकीच्यांनी हंडे वाटून घ्यावेत."

"सावकार," भिवरा म्हणाली, "माझं सगळं बाहेर आलं. आता तुमची वही येऊ द्या. दिवा लावला की उजेड एकाच बाजूला पडत नाही."

"वही माझी आहे!"

"आणि तिच्यात नाव माझं आहे."

पेठ हसली. किती तरी वर्षांनी सावकारासमोर कुणीतरी हसलं होतं. मापाऱ्यानं माणूस पाठवून वही आणवली आणि मोठ्यानं वाचली. घेतले दीडशे. दिले एकशे नव्वद. राहिले दोनशे वीस. वाचताना गर्दीतले कितीतरी चेहरे बदलले, कारण त्यांचीही नावं त्याच वहीत होती आणि त्यांच्यापैकी कुणीच आपलं पान कधी ऐकलं नव्हतं.

"दामदुप्पट!" मापारी म्हणाला. "जुना नियम आहे. मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीपलीकडे जाता येत नाही. दीडशेचे तीनशे. एकशे नव्वद पोचले. तुमचे राहिले एकशे दहा, सावकार. एक कवडी जास्त नाही."

सावकाराचं पागोटं एवढ्या उन्हातही फिकट दिसायला लागलं.

मग वाटप झालं. लदणीचे दोन बैल, त्यांची दावी आणि खोगिरं भिवराच्या पोटासाठी बाजूला काढली. हाक्यांना त्यांच्या घामाचे पैसे पुरे मिळाले. उरलेल्यात प्रत्येकाला दर दहा होनांमागे सहा आले: सावकाराला सहा, मिठागरवाल्याला सहा, म्हातारीलाही सहा. सोन्याचं कडं मिठागरवाल्याच्या वाट्याला गेलं. भिवरा ते जाताना पाहत राहिली. रडू आलं, तेही तिनं लपवलं नाही.

म्हातारी आपले सहा होन पदराला बांधून निघाली. भिवरानं तिला गाठलं. "आजी, तुझे चार बुडाले."

"बुडाले खरे," म्हातारी म्हणाली. "पण तीन वर्षं तू मला पाहून गल्ली बदलत होतीस ना, त्याचा राग जास्त होता. आज तू समोर आलीस. सुटलं ते सुटलं. पुढच्या गोण्या घ्यायला ये, पण रोख हं."

पुढचे दिवस सोपे होते असं कुणी समजू नये. दोन बैल, चार गोण्या. पेठेत तिला पाहून पोरं "दिवाळं, दिवाळं" ओरडत. ती थांबून म्हणे, "बरोबर ओळखलंत. आणि तुमच्या घरचं?" आणि पोरं पळून जात. उधार मिळत नव्हतं, म्हणून ती रोख घेई आणि रोख विकी. कधी मीठ कमी नेई, कधी एक वेळ कमी जेवे. पण घाटातून उतरताना मिळालेला प्रत्येक होन तिचाच असे. रोज सकाळी जाग आली की आज कुणाला काय सांगायचं याचा विचार पहिला येत नसे. ज्यानं ते ओझं वाहिलंय त्यालाच या सुखाची किंमत कळेल.

सात वर्षांत दोनाचे नऊ बैल झाले. चाळीस पुन्हा कधीच झाले नाहीत. सातवं वर्ष सरलं तसा सावकार स्वतः तिच्या दारी आला. "मुदत संपली तुझी. आता हवे तेवढे होन घे. झालं गेलं विसरून जाऊ."

"सावकार, मीठ हवं असेल तर बोला," भिवरा गोणीचं तोंड बांधत म्हणाली. "नाहीतर वाटेतून सरका, बैल निघालेत."

पण पेठेत त्याआधीच बरंच काही घडून गेलं होतं. भिवराच्या दिव्यानंतर महिन्याभरात एका रंगाऱ्यानं चौथऱ्यावर दिवा लावला. मग एका कासारानं. तिसरा माणूस पणती घेऊन निघाला तेव्हा सावकार धावत त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, "दिवा लावू नकोस. बस, हप्ता ठरवू. व्याज थांबवतो." कारण दिवा लागला की वही बाहेर येते, हे त्याला आता कळलं होतं. मापाऱ्यानंही कितीतरी लोकांना दिव्यावाचून परत पाठवलं. "तुझं देणं दोन वर्षांत फिटेल, अरे. सावकाराला वहीसकट इथे घेऊन ये, माझ्यासमोर बोलू." अशा बोलण्याच्या वेळी कर्जदाराच्या शेजारी भिवरा जाऊन बसे. काही बोलत नसे. नुसती बसे. तेवढ्यानं त्या माणसाची मान वर राही.

पुढे त्या राज्यात एक रीत पडली: कर्ज देणाऱ्यानं वर्षातून एकदा कर्जदाराला त्याचं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. जो वाचून दाखवणार नाही, त्याचं व्याज त्या दिवसापासून बंद.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचं सार एका ओळीत सांगायचं तर: झाकलेलं कर्ज माणसाला आतून खात राहतं, उजेडात मांडलेल्या कर्जाला शेवट असतो.